गोधड्यांच्या आठवड्यातली होडी

गणपती विसर्जनाच्या दिवशी दौंडच्या घाटावरचा बंदोबस्त बघण्यासारखा असतो. भोंगा लावलेला असतो, पाण्यात दोर बांधलेला असतो, पोलीस शिट्ट्या फुंकत असतात आणि होडीत जीवरक्षक पथकाची माणसं जॅकेटं चढवून बसलेली असतात. का, तर बाप्ये पाण्यात उतरणार. नाचून दमलेले, काही घेतलेले, आणि निम्मे तर पोहण्याचा गंध नसलेले. त्यांना जपायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यानंतर काही दिवसांनी, पितरं सरत आली की त्याच घाटावर बायका उतरायच्या, तेव्हा तिथं चिटपाखरू नसायचं.

घटस्थापनेच्या आधी घर सारवून घरातली यच्चयावत अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची, अशी आपल्याकडची रीत. आमच्या बौद्ध घरात घट बसत नाहीत, पण गोधड्या त्याच आठवड्यात धुतल्या जातात. मळ काही धर्म विचारून बसत नाही. आणि हाच आठवडा नदीचा सगळ्यात खोडसाळ आठवडा. वरची धरणं तुडुंब असतात, कधी पाणी सोडतील नेम नसतो. त्यात भीमेच्या पात्रातली वाळू रात्रंदिवस उपसलेली, त्यामुळं तळाला खड्डेच खड्डे. गुडघाभर पाणी म्हणून पाऊल टाकावं तर पुढच्याच पावलाला पाणी डोक्याच्या वर. कोरडी गोधडी लेकरूही ओढत नेतं, पण ओली झाली की दोघींना उचलत नाही. तीच गोधडी धारेला लागली की बाईलाही घेऊन जाते.

दरसाल एखादी जायची. पेपरात दोन ओळी यायच्या, पाय घसरून मृत्यू. पाय घसरून कसला! गोधडी सोडली नाही म्हणून मृत्यू. चार लुगडी एकावर एक घालून सासूनं नाहीतर आजेसासूनं शिवलेली गोधडी वाहून गेली तर घरी काय सांगायचं, हे तिच्या डोक्यात असतं. जीव गेला की घरी सांगायचा प्रश्नच मिटतो. माझा संताप तिथून सुरू झाला आणि तो अजून उतरलेला नाही.

मला पोहायला शिकवलं माझ्या वडिलांनी, माहेरी, निमोण्यात. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या माणसांचा हात लागायचा नाही. वरून कुणी ओंजळीत ओतलं तर ओतलं. पुढं वस्तीला सरकारी विहीर झाली, तेव्हा दादांनी पहिलं काम काय केलं, तर आम्हा बहिणींच्या पाठीला डालड्याचे रिकामे डबे बांधले आणि एकेकीला उचलून आत टाकलं. आई काठावरून बोंबलत होती. "पोरींना पवायला शिकवून काय करायचंय?" तर दादा आतून ओरडले, "पानी कुनाच्या बापाचं न्हाई! पर पोरींना पवाय येत नसंल तर त्ये पोरींच्या बापाचं बी न्हाई!" त्या उन्हाळ्यात आम्ही नाकातोंडात पाणी घेत घेत शिकलो. मी तर विहिरीच्या कठड्यावरून सूर मारायला लागले आणि वस्तीतल्या बायका म्हणायच्या, हिला नांदवून घेणारा सापडायचा नाही.

सापडला. रेल्वेत नोकरीला होता म्हणून मी दौंडला आले. पुढं कुरकुंभला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. शिफ्टची नोकरी, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दिवसभर गोळ्यांची पाकिटं. गॅसबिस गळला तर काय करायचं याचं शिक्षण द्यायला पुण्याहून एक साहेब यायचे. त्यांच्याबरोबर रबराचा एक पुतळा असायचा, त्याला सगळे डमी म्हणायचे. माणसाचा श्वास थांबला तर त्याची मान मागं करायची, नाक दाबायचं, तोंडाला तोंड लावून हवा भरायची, छाती दाबायची, हे त्या डमीवर करून दाखवायचं. साहेब म्हणाले, लेडीजनी नुसतं बघितलं तरी चालेल. मी म्हटलं, सर, गॅस लेडीजला सोडून जातो का? ते हसले, मला रांगेत घेतलं. प्रत्येकाचं झालं की डमीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची पद्धत होती. माझ्या आधीच्याने एकदा पुसलं. माझ्यानंतर जो आला, तो माझ्याच लाइनवर रोज माझ्या शेजारी उभा राहणारा, त्यानं डमीचं तोंड पुसलं, परत पुसलं, नवा बोळा घेऊन आणखी एकदा पुसलं. रबराच्या पुतळ्याचं! मी तिथंच मोठ्यानं म्हटलं, "घासा अजून, रंग उतरंल." सगळे हसले. तोही हसला, पण बोळा काही खाली ठेवला नाही.

अशी ती दोन शिक्षणं माझ्यापाशी होती. एक विहिरीतलं, एक कंपनीतलं. आणि घाटावर बायका बुडत होत्या. म्हणून मी पथकात नाव घालायला गेले.

पथकाचे म्होरके आप्पा. पिढ्यान्‌पिढ्या भीमेत जाळं टाकणारं त्यांचं घर. होडी त्यांची, अक्कल त्यांची. बाकी सात-आठ गडी हौसेनं आलेले, कुणी रेल्वेतले, कुणी दुकानदार. पगार नव्हता, नावलौकिकही फारसा नव्हता. सामान म्हणजे दोर, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि जॅकेटं. ते ठेवायचं घाटाच्या वरच्या अंगाला एका मोठ्या बागायतदाराच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. त्यांना सगळे आबा म्हणायचे. होडीही त्यांच्याच उतरणीला बांधलेली असायची. त्यामुळं आबा पाण्यात कधी उतरले नाहीत तरी पथकात त्यांचा शब्द चालायचा.

मी आप्पांना म्हटलं, मला होडीत घ्या. ते जाळं विणत बसले होते, वर न बघताच म्हणाले, "होडीला बाई चालत न्हाई, पोरी."

"का? लाजती का काय होडी?"

"रीत हाय."

"होडीतनं आलेली मासळी बाजारात कोण नेतं, आप्पा?"

"बायकू."

"मग मासळी बाईच्या डोक्यावर चालती, बाई होडीत चालत न्हाई. असली कसली ओ रीत?"

आतून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. आप्पांनी जाळं खाली ठेवलं. म्हणाले, रविवारी सरावाला ये, बघू पवायला किती येतंय.

रविवारी मी पिशवीतून माझी एक जुनी साडी आणि परकर घेऊन गेले. पथकातला सगळ्यात तगडा पोहणारा रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस होता, नदी उभी-आडवी कापायचा. त्याच्यापुढं साडी टाकली. म्हटलं, भाऊ, एवढं नेसून पोहून दाखवा. सगळे दात काढायला लागले. मी आप्पांना म्हटलं, "बुडणारी बाई चड्डीवर नसती, आप्पा. तिच्या अंगावर काय असतंय आन् त्ये काय करतंय, हे ठाऊक नसंल तर तिला वाचवणार कसं तुमी?" खलाशी गमत्या माणूस, त्यानं हसत हसत परकर चढवला, साडी गुंडाळली, पदर सुद्धा घेतला आणि लाजल्यासारखं करून उडी मारली. आधी साडी फुगून वर आली, तेव्हा काठावर शिट्ट्या पडल्या. मग ती भिजली आणि पायात आवळली. पाय मारायला जावं तर पायच सापडेनात. चांगलं पोटभर पाणी प्यायला, ट्यूब टाकावी लागली. वर आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "आयला, ह्या बाया बुडत्यात कशा न्हाई, वाचत्यात कशा, हेच कळंना." मग मी माझ्या अंगावरच्या साडीच्या निऱ्या मागं खोचल्या, पदर कमरेला आवळला आणि मधल्या धारेपर्यंत जाऊन परत आले. आप्पा इतकंच म्हणाले, "दोर धरायला येत जा."

"दोर न्हाई, होडी."

"आधी दोर."

बरं, दोर तर दोर. घरी नवऱ्यानं विचारलं, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक बुडायला लागले की फक्त वाचवा म्हणतात. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. सरावाच्या दिवशी भाकरी तोच थापायचा. वेड्यावाकड्या, पण थापायचा.

पहिल्या वर्षी मी काठावर दोर धरला आणि माझं पालुपद लावून धरलं की गोधड्यांच्या आठवड्यात होडी पाण्यात पाहिजे. गड्यांचं म्हणणं, बायका कपडे खोचून धुणं धुणार आणि आम्ही समोर होडीत बसून काय करणार? घाटावरून जोडे मिळतील. खरंच होतं ते. म्हणजे काय, तर पुरुषांना लाज वाटते म्हणून बायकांनी बुडावं. मी म्हटलं, मग मला बसवा. आप्पांनी डोकं खाजवलं. त्यांना माझी कीव आली नाही की माझं पटलं असंही नाही, दुसरा मार्ग नव्हता. म्हणाले, "बस. बाई बायांकडं बघंल, मी पान्याकडं बघीन." अशी मला होडीत जागा मिळाली.

दुसऱ्या वर्षीचं नवरात्र तोंडावर होतं. घाट गोधड्यांनी रंगीबेरंगी झाला होता, धोपटण्याचा नुसता दणदणाट चालला होता. मी आणि आप्पा होडीत, खलाशी काठाला पाठमोरा बसलेला, कारण त्याला तसंच बसायला सांगितलं होतं. बायका आधी आमच्याकडं बघून खुसखुसल्या, मग विसरल्या. मी ओरडून सांगत होते, दोघींनी मिळून धरा, गोधडी धारेला लागली तर सोडा. एकीनं विचारलं, सोडल्यावर तू शिवून देतीस का?

वरच्या अंगाला आबांची सून होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. सासू काठावर बसून देखरेख करत होती आणि ही एकटी पाण्यात. पिळण्याआधी गोधडी खळबळून काढायला म्हणून ती जरा पुढं सरकली. गोधडी पाण्यावर पसरली, धारेनं ओढ घेतली, आणि तिच्या पायाखाली खड्डा आला. ती ओरडली नाही. बुडणारी बाई ओरडते हे आपल्याला उगाच वाटतं. मला दिसलं ते एवढंच, गोधडी चालली आहे आणि गोधडीच्या टोकाला दोन हात आहेत.

"सोड! सोड ती!" मी घसा फाडून ओरडले. आप्पांनी वल्हं मारलं. घाटावरच्या सगळ्या बायका ओरडत होत्या, सोड, सोड. फक्त एक आवाज वेगळा होता, सासूचा. "धर! अगं, धर!" ती सुनेला धर म्हणत होती की गोधडीला, देव जाणे.

मी उडी मारली. ती खाली गेली होती, पण गोधडी वर होती, म्हणून सापडली. मागून तिच्या केसांत हात घातला, बुचडा घट्ट धरला आणि वर ओढलं. तोंड वर आलं, पण अंग लोळागोळा झालेलं, आणि हात अजून गोधडीत रुतलेले. एकेक बोट उकलून काढावं लागलं. मरताना सुद्धा घरची वस्तू सोडायची नाही, हे कुणी शिकवलं असेल तिला? गोधडी गेली वाहून. आप्पांनी आम्हा दोघींना होडीत घेतलं आणि काठ गाठला.

काठावर एकच गलका. कुणीतरी घागर पालथी घालून आणली. बुडालेल्याला घागरीवर पालथं टाकायचं, गदागदा हलवायचं, म्हणजे पोटातलं पाणी येतं, असं आपल्याकडं मानतात. पाणी येतं, पण माणूस जातो. मी घागर लाथेनं उडवली, ती गडगडत पाण्यात गेली. आप्पांनी दोन्ही हात पसरून गर्दी मागं रेटली. मी तिला उताणी केली, मान मागं केली, नाक दाबलं आणि तिच्या तोंडाला तोंड लावलं.

डमीच्या तोंडाला रबराचा वास यायचा. हिच्या तोंडाला चिखलाचा, मिश्रीचा वास होता. मी फुंकत होते, छाती दाबत होते, परत फुंकत होते. आजूबाजूला कुणी तरी रडत होतं, कुणी म्हणत होतं, गेली बाई, आता कशाला विटंबना. मला खरं सांगायचं तर फार भीती वाटत होती. ही मेली तर मीच मारली म्हणतील, हे कळत होतं. तरी तोंड काढलं नाही. मग तिच्या घशात काहीतरी खळबळलं, मी तिला कुशीवर वळवलं, आणि तिनं माझ्या मांडीवर भडभडून ओकलं. खोकली. डोळे उघडले. इतकं सुंदर ओकलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

सासूनं पहिला प्रश्न विचारला, "गोधडी कुठंय?"

दुसरा प्रश्न तिनं सुनेला नाही, शेजारणीला विचारला. माझ्याकडं बघून, हळूच, "ही कुठली गं?" शेजारीण तिच्या कानात काही बोलली. विहारामागं घर आमचं, अख्ख्या दौंडला माहीत. सासूचा चेहरा बदलला. ती पुढं आली, पदराचं टोक घेतलं आणि सुनेचे ओठ पुसले. मला वाटलं, माया आली. मग तिनं नदीतून ओंजळ भरून आणली आणि तिच्या तोंडाशी धरली. म्हणाली, "चूळ भर."

त्या पोरीला धड बसता येत नव्हतं. फुप्फुसात नदी भरून आलेली ती, आणि तिला त्याच नदीनं चूळ भरायला लावत होती, कशासाठी, तर माझा श्वास धुवायला. उष्टं अन्न ऐकलं होतं, उष्टं पाणी ऐकलं होतं. श्वास उष्टा होतो हे मला त्या दिवशी कळलं. खलाशी कधी नव्हे तो खाली मान घालून उभा राहिला. मी म्हटलं, "काकी, चूळ भरून काय व्हतंय? आत गेलाय त्यो. काढायचाच आसंल तर परत बुडवा तिला." आणि ओकारीनं भरलेली माझी साडी तशीच घेऊन होडीत जाऊन बसले, कारण घाटावर अजून बायका होत्या आणि आठवडा संपला नव्हता.

बोलणं व्हायचं ते झालंच. गावात चवीनं चघळलं गेलं, तोंडाला तोंड लावलं म्हणून. पुढच्या रविवारी सरावाच्या वेळी आबा स्वतः उतरणीवर आले. धोतर, टोपी, हातात छत्री, सोबत दोन माणसं. गडी उभे राहिले. मी होडीत बसले होते, बसूनच राहिले.

आबा माझ्याशी बोललेच नाहीत, आप्पांशी बोलले. "पथकाला माझं कायम सहकार्य हाय. खोली तुमचीच समजा, उतरन तुमचीच समजा. फकस्त ती बाई होडीत नगं. घरंदाज बायामानसं घाटाव येत्यात."

मी तिथंच होते, हाताच्या अंतरावर. मी म्हणजे जणू वल्हं.

आप्पांनी आधी होडीकडं, मग वरच्या खोलीकडं बघितलं. होडी बांधायची कुठं, सामान ठेवायचं कुठं, हे सगळं त्यांच्या डोक्यात फिरत असणार. शेवटी माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज पडला होता. "पोरी, चार दिस काठाव ऱ्हा. वातावरन निवळू दे."

"न्हाई, आप्पा."

"आगं, चारच दिस."

"आमच्या वाट्याला आलेले चार दिवस कधी सरत न्हाईत, आप्पा. मला उतरवायचं आसंल तर होडी पालथी घाला. मी पवत घरी जाईन." मी फळीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. ती जागा मला कुणी दान दिली नव्हती.

तेवढ्यात वरून चहा आला. मालक उतरणीवर गेले की पाठोपाठ घरून चहा यायचा, अशी त्यांच्याकडची पद्धत. आणि चहा घेऊन आली होती तीच, त्यांची सून. चेहरा ओढलेला, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांचं ताट. सगळे कप सारखे, पांढरे, निळ्या काठाचे. तिनं आबांना दिला, आप्पांना दिला, गड्यांना दिला. मग ताट खाली ठेवून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि एक कप होडीत माझ्याकडं केला. तिचे पाय पाण्याला लागले तशी ती शहारली. तरी मागं सरली नाही.

मी घेतला. सगळ्यांसमोर घोट घेतला. साखर जास्त होती.

आबा सुनेला म्हणाले, शांतपणे, जसं रोजचं काही सांगावं तसं, "त्यो कप घरात आनू नगं. हितंच टाक."

हात पुढं करून तिनं माझ्या हातातला कप घेतला. निम्मा भरलेला होता. तिनं तो तोंडाला लावला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. घाई केली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. डोक्यावरचा पदर न ढळू देता सासऱ्याला म्हणाली, "आबा, ह्यांचा श्वास हाय माझ्या पोटात. आता चहानं काय बाटायचंय?"

मग ती गड्यांचे रिकामे कप गोळा करत फिरली. आबांच्या हातातला कपही घेतला. माझा कप त्या कपांत घातला आणि सगळे कप ताटात एकदा हलवले, पत्ते पिसावेत तसे. निळ्या काठाचे सगळे सारखे कप. "ह्यातला कंचा टाकू, आबा?" तिनं विचारलं. तिचा आवाज इतका साधा होता की तिला खरंच उत्तर हवंय असं वाटावं.

आबांनी ताटाकडं बघितलं. छत्री उघडली, ऊन नव्हतं तरी, आणि चढण चढून निघून गेले. ती मागून ताट घेऊन गेली. घरी तिचं काय झालं असेल या काळजीनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आप्पांनी होडीचा दोर सोडला. मग खलाशाला म्हणाले, "खोलीतलं सामान काढ. माझ्या घरी न्हेऊ." आबांनी काढा म्हणायच्या आत आम्ही काढलं. ट्यूबा आप्पांच्या पडवीत माशांच्या वासात पडल्या, होडी खाली लांब, अडचणीच्या जागेला बांधायला लागलो. गैरसोय झाली, झाली. मी मात्र होडीतच होते.

पुढच्या वर्षी पितरं सरत आली, घाट पुन्हा भरला, पुन्हा धोपटण्याचा दणदणाट. मी आणि आप्पा होडीत. वरच्या अंगाला ती आणि तिची सासू. या वेळी दोघी मिळून एक गोधडी धरत होत्या, हे मी बघून ठेवलं. तरी एक गोधडी धारेला लागलीच. मोठी, जांभळ्या काठाची. ओढ बसली आणि त्या पोरीनं सरळ हात सोडले. दोन पावलं मागं सरून काठाला उभी राहिली आणि माझ्याकडं बघून हसली. मला होडीत नाचावंसं वाटलं.

सासूनं मात्र आकाशपाताळ एक केलं. गोधडी डुलत डुलत आमच्याच दिशेनं येत होती. सासू काठाकाठानं धावत होती, पदर पडला होता, आणि हात हलवून मलाच ओरडत होती. "अगं बाई, धर ती! तुझ्याम्होरं हाय, धर की!"

मी वाकून गोधडी धरली. आप्पांनी होडी काठाला आणली. पाण्यानं जड झालेली ती गोधडी मी दोन्ही हातांनी उचलली, पण दिली नाही. अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकी, मी धरलेली चालंल का? का हिला बी चूळ भरायला लावताय?"

धोपटणी थांबली. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा घाट हसायला लागला. ती पोर पदर तोंडाला लावून हसत होती. सासू लालबुंद होऊन उभी. मी हात लांब करून तशीच थांबले. गोधडी जड होती, माझे खांदे भरून आले होते, पण मला कुठं जायचं नव्हतं. घाट सुटेपर्यंत माझी ड्यूटी होती.

शेवटी ती पाण्यात उतरली. दोन्ही हातांनी गोधडी घेतली, माझ्या हातातून, माझ्या बोटांना तिची बोटं लागली. म्हणाली, "दे इकडं. भिजून वजन झालंय." मी म्हटलं, "जपून जा, काकी. म्होरं खड्डा हाय."